अप्पांनी पाहिलेलं डब्याचं स्थळ

गुरुलिंगअप्पा लग्नाला जातात ते नवरा-नवरी बघायला नाही, पत्रिका तपासायला. मांडवाच्या दारात उभे राहतात, खिशातून पत्रिका काढतात, कानावरचं लाल बॉलपेन हातात घेतात आणि आत येणाऱ्या पाहुण्यांच्या नावापुढं एकेक खूण करत जातात. मामा आले, खूण. थोरले काका आले, खूण. अक्षता पडतात, बँड वाजतो, लोक पंगतीला पळतात, अप्पा तिथंच. एखादं नाव खुणेवाचून राहिलं की यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मग घामाघूम होऊन वाढप्यांच्या मागं धावणाऱ्या मुलीच्या बापाला गाठायचं आणि विचारायचं, "निमंत्रकात चौथ्या वळीला नाव हाय त्यांचं. का आले न्हाईत?"

एकदा एकानं "अहो, ते वारले" असं सांगितलं, तर अप्पा त्याच्यावरच चिडले. "मग आमाला सांगायचं न्हवतं का? नावाआधी कैलासवासी लावलं असतं."

नळदुर्गला हायवेला लागून आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, जे येईल ते. पाच वर्षांपूर्वी सासरे गेले आणि छापखाना माझ्या गळ्यात पडला. नवरा शाळामास्तर, त्याला शाईच्या वासानं शिंका येतात. छापखान्याबरोबर अप्पाही आले. सासऱ्यांच्या वेळेपासून ते अक्षरजुळणी करतात. मला सूनबाई म्हणतात, गिऱ्हाइकासमोर म्हणतात, बँकेच्या साहेबासमोरही म्हणतात. मी इथली मालकीण आहे हे त्यांनी ऐकलंय, मान्य केलेलं नाही.

पत्रिकेचं काम घेऊन कुणी आलं की अप्पा आधी कागद हातात घेत नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला. "रुसल्यालं आधी सांगा."

येरमाळ्याचा एक गडी एकदा असाच गोंधळला. "म्हंजी ओ?"

"भावकीत बोलत न्हाय कोन? त्येचं नाव आधी लिवायचं. बोलनाऱ्याचं काय, त्ये ऱ्हायलं तरी जेवाय येतंय."

त्या गड्यानं डोकं खाजवलं, एक चुलता आठवला. अप्पांनी आणखी खोदलं, मग एक आत्या निघाली. दोन तासांनी तो उठला तेव्हा सात रुसलेले सापडले होते आणि एका घडीची पत्रिका तीन घड्यांची करावी लागली. जाताना मात्र तो अप्पांच्या पाया पडला. मला साधा नमस्कारही नाही.

आता आमच्या कॉम्प्युटरांचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमच्याकडं ते तीन आहेत आणि तिघांची तीन दिशांना तोंडं. माझा विंडोजचा. शुभांगीचा ॲपलचा मॅक. शुभांगी आमची डिझायनर, रोज जळकोटहून जीपनं येते, कामाला वाघीण आणि तोंडाला फटकळ. तिसरा अप्पांचा, कुठल्या जमान्यातला विंडोज त्यावर आहे ते सांगायची मला लाज वाटते. त्याला आम्ही म्हातारी म्हणतो. तिघांत फायलींची देवाणघेवाण पेनड्राइव्हवरून चालायची. पेनड्राइव्ह कधी अप्पांच्या सदऱ्याबरोबर धुतला जायचा, कधी मॅकवरची फाईल म्हातारीला उघडायची नाही. एकदा बारशाच्या फ्लेक्सवर जुन्या फायलीतला फोटो गेला आणि पाळण्यात बाळाच्या जागी एक मिशाळ पुढारी झोपलेले निघाले. बाळाच्या आजोबांनी तो फ्लेक्स आमच्याच दारात लावून ठेवला.

अशात म्हातारीनं टकटक सुरू केली. आतून कुणी नखानं दार वाजवावं तसा आवाज. दुरुस्तीवाला कान लावून म्हणाला, "हिची डिस्क चाललीय. आज हाय, उद्या न्हाय. काय काढायचं ते काढून घ्या."

वीस वर्षांच्या पत्रिका होत्या तिच्यात. आणि 'कच्चा' नावाचं एक फोल्डर होतं. माझा माउस चुकून त्या बाजूला गेला तरी अप्पा स्क्रीनवर पंजा ठेवायचे. "त्यात काय न्हाय. कच्चं काम हाय." मी म्हटलं, काही नाही तर झाकता कशाला? तर म्हणाले, "झाकाय लागतंय म्हनून."

मी म्हटलं, एका पेनड्राइव्हवर तरी उतरवून घेऊ सगळं. नाही. "आज हिकडं, उद्या तिकडं, पोरक्यावानी फिरवायचं न्हाय. कायमचं घर बगा, मगच हालवू." तोवर म्हातारी रोज टकटकणार आणि मी रोज देव पाण्यात घालून बसणार.

कायमचं घर म्हणजे काय ते शुभांगीनं सांगितलं. तसला एक डबा मिळतो. आत हार्ड डिस्क असतात, वायरनं राऊटरला जोडायचा, मग ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर, ते कुठल्याही जातीचे असोत, आपापल्या फायली त्या एकाच डब्यात ठेवतात आणि एकमेकांच्या उघडतात. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी तीन घरात मिळून एक जावई. स्थळ बगाय लागनार."

मी हसले. हसायला नको होतं. पुढचे पंधरा दिवस मी फक्त कपाळाला हात लावून होते.

सोलापूरच्या दुकानाचा माणूस डबे दाखवायला आला, टाय-बिय लावून. अप्पांनी घरनं पातेलंभर सुशीला आणला होता, चुरमुऱ्यांचा, वर दाण्याचं कूट. "दाखवायचा कारेक्रम हाय, कोरड्या तोंडानं कसं बोलायचं?" त्या माणसाच्या हातात बशी दिली, समोर खुर्ची टाकली आणि डब्याकडं बोट करून विचारलं, "ह्यो एकटाच का?"

"एकच डिस्क आहे यात, काका."

"एकुलता एक. ह्येला काय झालं तर?"

"काही होत नाही, काका."

"सगळे असंच म्हनत्यात. ब्याड." ब्याड म्हणजे कानडीत नको. अप्पांचा नकार नेहमी कानडीत येतो, मराठीत नाही म्हटलं तर समोरचा वाद घालतो असा त्यांचा अनुभव आहे.

मग चार डिस्कचा थोरला डबा निघाला. तो चालू केला तर पंख्याची घरघर. अप्पांनी कान टवकारले. "चार भाऊ एकत्र, अन् सगळे घोरत्यात. आमचं घर बारकं हाय. ब्याड."

टायवाल्यानं शेवटी इंटरनेटवर फायली ठेवायची योजना काढली. डबा नको, पंखा नको, देखभाल नको.

"मग आमच्या फायली ऱ्हानार कुठं?"

"बाहेर, सर्व्हरवर."

"बाहेर म्हंजी कुठं? गाव सांगा."

त्यानं चमचा बशीत फिरवला, माझ्याकडं बघितलं, शुभांगीकडं बघितलं. तेवढ्यात नेट गेलं. हायवेच्या कडेला जेसीबी चालू होता, आठवड्यातनं दोनदा आमची केबल तोडायचाच. अप्पांनी त्याला आणखी सुशीला वाढला.

राहता राहिला दोन डिस्कचा डबा. टायवाला आता थकून हळू आवाजात बोलत होता. "यात दोन आहेत, काका. एकावर जे लिहिलं तेच दुसऱ्यावर आपोआप लिहिलं जातं. एक बंद पडली तरी दुसरीवर सगळं असतं."

अप्पांनी हातातली बशी खाली ठेवली. "लाईट गेल्यावर कसा वागतो?"

"बॅटरी जोडायची. लाईट गेली की बॅटरीवर काम आवरतो आणि नीट बंद होतो."

"बॅटरी संपायच्या आत आवरतो? हातातलं अर्धं टाकून न्हाय ना जात?"

"नाही, काका."

"कुठं नांदतंय का असलं? जाऊन बगू."

घरी जाऊन मी मोबाईलवर वाचत बसले. असला डबा घेताना काय विचारावं याची यादी होती. एक डिस्क गेली तर काय, आवाज किती, वीज गेली तर काय, आधीच्या गिऱ्हाइकांचा अनुभव काय. अप्पांचे सगळे प्रश्न त्यात होते, फक्त सुशीला नव्हता. मला राग आला. इतके दिवस ज्यांना वेडं समजत होते ते बरोबर निघाले की कुणालाही येतो.

उमरग्याला एका शिकवणीवाल्यांच्या ऑफिसात तसला डबा होता. मी आणि अप्पा एसटीनं निघालो. अप्पा खिडकीशी बसून सगळ्या बसला लग्नपत्रिकेतले मानपान समजावत होते. जळकोट जवळ आलं तसे अचानक गप्प झाले आणि डोळे मिटून घेतले. बस थांबली, माणसं उतरली, चढली, यांनी पापणी हलवली नाही. जळकोट मागं पडल्यावर डोळे उघडले.

"काय झालं, अप्पा?"

"ऊन लागतंय डोळ्यावर."

ऊन पलीकडच्या बाजूला होतं. तसं बोलून दाखवलं असतं तर मानपान पुन्हा सुरू झाले असते.

उमरग्याला त्या ऑफिसातल्या क्लार्कनं चहा मागवला. अप्पांनी डब्याभोवती एक फेरी मारली, वरून हात फिरवून तापलाय का ते बघितलं. "वागनूक कशी हाय? घरात कुनाशी बोलत न्हाय असं हाय का?" क्लार्क म्हणाला, सगळ्यांशी बोलतो, विंडोज काय आणि मॅक काय. अप्पा खूश झाले, पाणी प्यायला म्हणून बाहेर व्हरांड्यात गेले, आणि दोन मिनिटांत सगळ्या ऑफिसची वीज गेली.

पोरांचे परीक्षेचे फॉर्म भरणं चालू होतं. तीन कॉम्प्युटर एकदम अंधारले. क्लार्क बाहेर धावला तर अप्पा मेन स्विचखाली उभे, हातात पाण्याचा पेला.

"तुम्ही बंद केलं?"

"व्हय. बगाय आलोय न्हवं का?"

मी जमिनीत जायला जागा शोधत होते. आत तो डबा मात्र शांतपणे दिवे मिचकावत बॅटरीवर आपलं काम आवरत होता. थोड्या वेळानं एकेक दिवा मालवून तो बंद झाला. वीज परत सोडली, पुन्हा सुरू झाला, आत ठेवलेल्या फायली जशाच्या तशा. फॉर्म मात्र परत भरावे लागले. क्लार्कचं तोंड लालेलाल. अप्पा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रागावू नका. लई गुणाचं हाय तुमचं लेकरू. घर आवरून झोपतंय."

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी नळदुर्गपर्यंत बोलले नाही. त्यांना कळलंही नसेल. जळकोटला पुन्हा डोळे मिटूनच होते.

डबा आला. अप्पांनी नारळ फोडला, कुंकू लावायला गेले तर शुभांगी ओरडली, "पंख्यात नका लावू." मग बॅटरीला लावलं. माझा कॉम्प्युटर जोडला, शुभांगीचा मॅक जोडला, दोघं गुण्यागोविंदानं नांदायला लागले. म्हातारीला जोडलं, तर नवा डबा तिला ओळखच देईना.

अप्पांनी दोन्ही हात पसरले. "म्या काय म्हनलो हुतो? रुसल्यालं आधी सांगा. तिला कुनी इचारलं का?"

शुभांगीनं समजावलं. म्हातारी बोलते ती बोली फार जुनी, त्या दारानं व्हायरस शिरतात, म्हणून नव्या डब्यात ते दार बंदच असतं. "मी ते दुपारपुरतं उघडते, अप्पा. सगळं काढून घेऊ आणि परत कडी लावू."

म्हातारी त्या दिवशी टकटकायची थांबतच नव्हती. अप्पांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि तापात लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा हात तिच्या पत्र्यावर ठेवला. "आधी कच्चा," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला नेहमीसारखा वाटला नाही.

कच्चा आला. वाटीभर फोल्डर, आत एकतीस फायली, सगळ्यांचं नाव एक आणि पुढं फक्त आकडा.

"आता तिघांनी उघडून दावायचं," अप्पा सवयीनं बोलून गेले. डब्यात आलेली फाईल तिन्ही कॉम्प्युटरांवर उघडलीच पाहिजे, हा नियम त्यांचाच होता. मग लक्षात येऊन म्हणाले, "कुटलीबी उघडा, पर कच्चातली न्हाय."

"दुसरं काही आलंच नाही अजून," शुभांगी म्हणाली आणि तिनं एकतिसावी उघडली.

लग्नपत्रिका होती. अप्पांच्या मुलीच्या, महादेवीच्या लग्नाची, नऊ वर्षांपूर्वीची. सगळ्यात वर, एका स्वतंत्र ओळीत, नवरीच्या नावापेक्षाही मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'आमच्या घरच्या थोरल्या, श्रीमती बसम्मा आक्का यांच्या आशीर्वादाने'. आणि खाली, लहान पोरांच्या नावानं असते ती ओळ, 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं', ओंकार, गौरी, ईश्वरी.

"ही ईश्वरी तर आमच्या गल्लीतली," शुभांगी म्हणाली. "बसम्मा आजीची नात. गेल्या वर्षी बारसं झालं तिचं. ती नऊ वर्षांमागच्या लग्नाला कशी बोलावतीय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शुभांगी रोज सकाळी आली की अप्पा तिला विचारायचे, "काय म्हनतंय जळकोट?" मला वाटायचं, म्हाताऱ्याला गप्पा लागतात.

अप्पा म्हातारीच्या पत्र्याकडं बघत बोलले. "आक्का माजी थोरली बहीन. आई गेली तवा म्या चार वर्साचा. तिनं कडेवर घेऊन वाढविलं मला. महादेवीची पत्रिका म्या सोता जुळवली. दोनशे नावं, एक चुकलं न्हाय. आक्काचं मागं ठिवलं हुतं. तिला काय शबूद लावावा, सुचतच न्हवतं. शेवटाला सुचलं. टाईप केलं, अन् लाईट गेली."

"आणि?"

"लाईट आल्यावर फाईल उघडली, छापाय सोडली. सेव झालीच न्हवती ती वळ. पत्रिका वाटून झाल्यावर बगितलं." "आक्का आली न्हाय लग्नाला. म्हनली, ज्या घरच्या पत्रिकेत मी न्हाय, त्या घरात मी कशाला. जगाच्या पत्रिका जुळवनारा मी, कुन्या तोंडानं सांगू लाईट गेली हुती म्हनून?"

चूक दिसली त्याच दिवशी त्यांनी ती फाईल दुरुस्त केली, पण तोवर पत्रिका वाटून झाल्या होत्या. मग जळकोटच्या घरात सून आली, पोर जन्मलं की नाव घालायचं, नाहीतर आक्कांच्या ओळीतला शब्द बदलायचा, आणि दर वेळी फायलीला नवा आकडा द्यायचा. लग्न होऊन गेलेलं, पत्रिका सजतच होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. इतक्या लग्नांच्या दारात हा माणूस लाल पेन घेऊन कुणाची वाट बघत उभा राहायचा, ते मला पाच वर्षांत कळलं नव्हतं.

"छापू?" मी म्हटलं.

"ब्याड. नऊ वर्सानं पत्रिका देत्यात का कुनी? येडे म्हनतील."

"ते आधीच म्हणतात," शुभांगी म्हणाली. प्रिंटर तोवर सुरू झाला होता. तिनं आमचं सगळ्यात महागाचं, सोनेरी कडेचं कार्ड घातलं होतं, मला न विचारता.

पत्रिका बाहेर आली तशी अप्पांनी ती सवयीनं उचलली, शाई फुटते का ते अंगठ्यानं बघितलं आणि घडी जुळवून घातली. मग डब्याच्या पूजेतलं कुंकू घेऊन एका कोपऱ्याला लावलं. जळकोटची जीप गाठताना त्यांनी शुभांगीला पुढं घातलं आणि स्वतः तिच्या मागं लपल्यासारखे चालत गेले.

दुसऱ्या दिवशी ते उशिरा आले. टोपी नवी होती. मी आणि शुभांगी काम सोडून उभ्या राहिलो. शुभांगी त्यांना दारापर्यंत पोचवून माघारी फिरली होती, पुढचं तिलाही माहीत नव्हतं.

"काय म्हणाल्या आक्का?"

"आधी काय म्हनली न्हाय. चष्मा मागितला. बोट ठिवून वाचली, वरनं खालपतुर. ह्यो लाईटचा किस्सा सांगितला, तर म्हनली, नऊ वर्स लाईट आली न्हाय व्हय रं?" अप्पांनी टोपी काढून पुसली. "मग भाकरी वाढली. अन् म्हनली, धाकट्या सुनंचं नाव ऱ्हायलंय. दुरुस्त करून आन रविवारी."

त्यांनी म्हातारीला बाजूला सारून पहिल्यांदाच माझ्या कॉम्प्युटरवरून डबा उघडला. मीही वाकून बघितलं. तिसऱ्या ओळीत, ठसठशीत अक्षरात, धाकट्या सुनेचं नाव होतं.

"अप्पा, हे बघा. आहे की नाव."

"हाय की. म्या बी तितंच बगितलं. कवाच घातलंय ते."

"मग आक्कांना सांगितलं का नाही?"

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की छापखाना चालवायची माझी लायकी नाही हे त्यांचं मत पुन्हा पक्कं झालं.

"आक्का म्हनली न्हाय, म्हंजी न्हाय," ते म्हणाले. "छापा परत. रविवारी नेऊन दावतो."